बापाचे दात

कांडला
९ जानेवारी १९९६

सगुणाबाय,

पत्राच्या वर काय लिहायचं ते चौथीत मास्तरांनी शिकवलं होतं, ते विसरलो. तू बरी हायस असं धरून चालतो. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाय आणि आज लिहितोय, म्हणजे घराला आग लागलीय एवढं तू ओळखलंच असशील. फाडायचं असेल तर वाचून फाड.

बापूस पडवीच्या खांबाला बांधलाय. होडीच्या जाड दोरीने. तुझ्या भावानेच बांधलाय, कान्हूदादाने.

आपल्या गावचा निकेश इथं बंदरात माझ्याबरोबर गोणी उचलायला आलाय, त्याने सगळं सांगितलं. दिवाळीपासून बापूस फिरलाय. आधी नावं विसरायला लागला. मग एक दिवस मिठागरावर गेला आणि ऐन भरतीला बांधाची उघाडी उघडली. ज्या माणसाने चाळीस वर्षं खाडीचं पाणी कधी आत घ्यायचं ते नुसतं वाऱ्यावरून ओळखलं, त्याने तयार मिठावर पाणी सोडलं. सगळं मीठ विरघळलं. दादा ओरडला, तर बापसाने फावडा उचलून त्याच्या खांद्यावर घातला. हाड वाचलं, मांस नाय.

त्यानंतर शकूवहिनी भाकरी घेऊन गेली तर तिच्या हाताला चावला. वहिनीला पेणला नेऊन टाके घातले. मग दोरी आली.

आता तो दिवसभर ओरडतो आणि स्वतःच्याच गालावर बुक्क्या मारतो. उजव्या हाताने डाव्या गालावर. बांधलेला असला तरी खांबावर गाल आपटतो. गाव जमून बघतं. पोरं खडे मारतात आणि पळतात. पुंडलिकला, ज्याच्यासमोर कोणी मोठ्याने खोकत नव्हतं, त्याला पोरं खडे मारतात.

दादा आता खाडीपलीकडचा भगत बोलावणार. तेवढ्याने नाय भागलं तर शिमगा झाला की वेड्यांच्या इस्पितळात टाकून येणार. निकेशला बोलला, "जनूला सांग, शेवटचं बघायचं तर शिमग्याच्या आत बघ."

मला रजा मिळत नाय. म्हणून तुला लिहितोय. रोह्याहून पेणची गाडी सकाळी असते ना? तू जा. दादाला थांबव. तिथं एकदा टाकलेला म्हातारा परत येत नाय, हे तुला कळतं.

तू काय बोलशील ते मला पाठ हाय. पेणच्या एसटी स्टँडवर बापसाने दिनानाथ भावोजींना मुठीने मारलं, पुढचे चार दात फरशीवर पडले, ते तू पदरात गोळा केलेस. भावोजी गागोद्याकडचे, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातले, आणि आपण मिठाची माणसं, एवढाच त्यांचा गुन्हा. घरी येऊन बापसाने तुझ्या नावाने मडकं फोडलं. सगळं खरं. तरी जा.

जनू


कांडला
३१ जानेवारी १९९६

सगुणाबाय,

पोस्टकार्ड पाठवलंस. उघडं. दोनच ओळी. "माझं मडकं फुटलंय. मेलेली बाई माहेरी जात नाय." बरं झालं इथं निकेशशिवाय कोणाला मराठी येत नाय, नायतर माझी पण अब्रू गेली असती.

मी ते कार्ड चुरगाळलं आणि तुला एवढ्या शिव्या दिल्या की निकेश उठून बाहेर गेला. मग सरळ करून परत वाचलं. तुझं बरोबर हाय. पण बरोबर असून काय करू, सांग.

मागच्या पत्रात रजा मिळत नाय लिहिलं, ते खोटं. रजा मागितलीच नाय. दर सोमवारी मला इथल्या पोलीस चौकीवर सही करावी लागते, जून संपेपर्यंत. जिल्हा सोडला तर आत टाकतील. एका ट्रकच्या क्लीनरने मला थोबाडीत दिली, माझ्या हातात गोणी ओढायचा हूक होता, तो मी त्याच्या मांडीत घातला. तो जगला. लंगडतो. मी पुंडलिकचाच पोर, दुसरं काय करणार होतो.

आता ऐक. परवा गावच्या दुकानात फोन लावला. दादाला बोलावून घेतलं.

"दादा, बापूस कसा हाय?"

"त्याच्यात तो नाय. भूत हाय. डाव्या गालात बसलंय."

"गालात?"

"भगत बोलला. तिथंच सारखा बुक्क्या मारतो ना तो? भुताला बाहेर काढायला बघतो."

"मग भगताने काय केलं?"

"त्याने पण तिथंच मारलं. वेताने. मिरच्यांची धुरी दिली."

"आणि बापूस?"

"ओरडला. मग मुतला. मग पडला." मग दादा माझ्यावरच फिरला. "तू लांब बसून विचारतंस रं. हात मला वर होत नाय अजून. माझ्या बायकोला तो भोसडीची बोलतो. पोरांना मी सासरवाडीला पाठवलंय. तू ये नि सांभाळ."

मी विचारलं जेवतो काय. बोलला, पेज पितो थोडी, भाकरी नायतर सुकट पुढे केली की अंगावर येतो. मी बोललो, दात दुखत असेल. तर तो फोनवर हसला गो. खरंच हसला.

"पुंडलिकचे दात? गावात बोलू नको, लोक पायताण मारतील."

आणि मी पण विषय सोडला. कारण दर शिमग्याला होळीचा पहिला नारळ कोण सोलतो? तूच मला खांद्यावर घेऊन दाखवायचीस. सगळं गाव गोल उभं आणि बापूस नुसत्या दातांनी सोडणं ओढून काढतोय, हात पाठीमागे बांधलेले. गेल्या शिमग्याला पण सोलला, मी होतो. त्या माणसाचे दात दुखतात म्हणणं म्हणजे बैलाला शिंगं नायत म्हणणं.

अमावस्येला भगत परत येणार. बोललाय की या वेळी भूत निघालं नाय तर गाल डागणार. लोखंड तापवून. सगुणा, म्हातारा दोन महिने पेजेवर हाय. डागला तर तो तिथंच मरेल, इस्पितळाची पण गरज नाय.

माझ्यासाठी जाऊ नको. त्याच्यासाठी पण नको. तुला त्याला तोंडावर शिव्या द्यायच्या असतील तर त्या द्यायला जा. मेल्यावर कोणाला देशील?

जनू


कांडला
२६ फेब्रुवारी १९९६

सगुणाबाय,

तुझं पत्र आलं आणि त्याच दिवशी निकेश पण गावाहून परत आला. तू गेलीस त्या दिवशी, अमावस्येच्या आधी, तो गावातच होता. म्हणून मला तुझं पत्र एका हातात आणि त्याचं तोंड समोर, असं दोन्ही मिळालं. तू लिहितेस, "दादाशी थोडी बोलाचाली झाली." बोलाचाली! निकेशने मला सगळं सांगितलंय.

तू नि भावोजी अंगणात आलात आणि दादा कोयता घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. बोलला, "मेलेल्यांना दार नाय." तू बोललीस, "मग मला परत मार, पण आधी दोरी सोड." शकूवहिनी आतून ओरडत होती, येऊ दे, येऊ दे तिला, एकदा तिला पण चावू दे त्याला. दादाने कोयता उचलला. माझ्या भावाला मी ओळखतो. त्याने घातला असता.

आणि भावोजींनी तोंडात बोटं घालून पुढची कवळी काढली आणि दादाच्या नाकासमोर धरली. बोबडं बोलले, "हे तुमच्या बापाचं काम. मी पोलिसात गेलो? तुमच्या दारात कोयता घेऊन आलो? आज एकच मागतो. बाजूला हो."

निकेश बोलतो, अंगणातलं माणूस न् माणूस त्या चार दातांकडं बघत राहिलं. दादाने कोयता खाली नाय ठेवला, पण सरकला.

मग तू बापसाजवळ गेलीस. तो झेपावला, दोरी ताणली, तुझ्या पदराचा तुकडा त्याच्या दातात आला. तू मागं झाली नायस. वाकलीस आणि त्याच्या तोंडाचा वास घेतलास. गाव हसलं. निकेश बोलतो, मी पण हसलो, देवाने माफ करावं. आणि तू उठलीस नि त्या सगळ्यांच्या अंगावर ओरडलीस, "भूत नाय, पू हाय रं मेल्यांनो! पू!"

हे तू लिहिलंस तसं मला कळलं. स्टँडवर मार खाल्ल्यावर भावोजींची हिरडी अशीच पिकली होती. दोन दिवस तापात बरळत होते, तुला ओळखत नव्हते, तुला हात उगारला होता. तोच वास. बापसाच्याच मुठीने तुला तो वास शिकवला. यावर हसू का रडू ते मला कळत नाय.

पुढचं तू लिहिलंस त्यात मी निकेशचं घालून वाचलं. पेणहून जीप केली, निकेश पण बरोबर बसला. बापसाचे हात तुझ्या साडीने बांधले. वडखळच्या नाक्यावर त्याने जीपची काच डोक्याने फोडली. रोह्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, नूतन मॅडमनी, तोंड उघडायला लावलं तेव्हा भावोजींनी मागून डोकं धरलं होतं आणि एक बोट तोंडात घातलं होतं. तू लिहितेस, "यांच्या बोटाला जरा लागलं." निकेश बोलतो हाड दिसत होतं. आपल्या घरात कोणी पुरतं लिहीत नाय.

मॅडमनी गळू फोडलं तेव्हा जे बाहेर आलं ते बघून जीपवाला ओकला. डाव्या बाजूची दाढ उभी चिरलेली, मुळापर्यंत. मॅडमनी विचारलं काय फोडलं होतं या दातांनी, आणि तू बोललीस, नारळ. गेल्या शिमग्याचा. म्हणजे त्या दिवशीच चिरली. वर्षभर तो हा दात तोंडात घेऊन फिरला आणि कोणाला सांगितलं नाय. सांगेल कसा? पुंडलिक.

मॅडम बोलल्या ते तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. एवढा पू अंगात, ताप, आणि महिनोन् महिने पोटात घास नाय, पाणी नाय. माणसाचं डोकं ठिकाणावर राहील कसं? पण सगळं विसरणं यानेच आलं असं मॅडम म्हणत नायत, वय पण हाय. बोलल्या, आधी तोंड साफ करू. मग काय उरतं ते बघू.

आता सलाइन लावलंय, इंजेक्शनं चालू हायत, बरं. दादाला कळवलंस ना? नसेल तर मी फोन करतो. मला त्याला एकच विचारायचंय, भूत कुठं गेलं.

भावोजींना माझा नमस्कार सांग. पहिल्यांदाच सांगतोय.

जनू


कांडला
२० मार्च १९९६

सगुणाबाय,

शिमगा झाला. दादाने होळीचा नारळ कोयत्याने सोलला, लोकांनी ओरड केली, एकाने दादाला "बायकी" म्हटलं, दादाने त्याचं नाक फोडलं. म्हणजे गाव ठीक हाय.

तुझं पत्र वाचून मला रात्रभर कसंतरी झालं. तू लिहितेस, बापूस आता तुमच्या घरी ओट्यावर बसतो. ताप गेलाय. ओरडत नाय. भावोजींना गोविंदाकाका समजतो. काका तर मी लहान असताना खाडीत बुडाला. बापूस भावोजींना बोलतो, "गोविंदा, भात नरम कर रं," आणि त्यांच्या हाताने खातो. चावलेल्या बोटाची पट्टी बघून विचारतो, "कोणी चावला तुला? नाव सांग, मारून टाकतो." आणि तुला "बाय" म्हणतो. केसांवरून हात फिरवतो. तू लिहिलंस, "जनू, सत्तावीस वर्षांत या हाताने मला फक्त मारलं. मला आत्ता कुठं बाप मिळालाय."

आणि मग खाली बारीक अक्षरात, की बाकीचे दात पण सडलेत, सगळे हलतात, मॅडम बोलतात ते काढले पायजेत, नायतर पू परत भरणार. आणि तू बोललीस बघू. दोनदा तारीख दिली, दोनदा तू नेला नायस.

का नेला नायस ते तू लिहिलं नाय. पण मला दिसतंय. बरा झाला तर तो तुला ओळखेल. ओळखलं की हात काढून घेईल.

वाईट लिहितोय, पण दुसरं कोण लिहिणार. तुझ्या डोक्यावरून हात फिरवतोय तो बाप नाय. तो पू हाय गो. तो अजून उतरला नाय म्हणून हात गोड हाय. तूच लिहितेस, दोन घास खातो नि तिसऱ्याला गाल धरतो. तूच लिहितेस, मांड्या काठीसारख्या झाल्यात. तुला पाळण्यातला बाप हवा म्हणून तो उपाशी मरू दे?

दादाने दोरीने बांधला. तू पण बांधतेस. तुझी दोरी मऊ हाय, एवढंच.

मला मार. पुढच्या पत्रात शिव्या घाल. पण त्याला ने. तो शुद्धीवर येऊन तुझ्या तोंडावर थुंकला तरी तो थुंकणारा आपला बाप. हा जो भात खातोय तो कोणाचाच कोण नाय, त्याला स्वतःला पण तो ठाऊक नाय. पुंडलिकला कोणी विचारलं असतं, की शहाणा होऊन वैरी राहतोस का खुळा होऊन लाडका, तर त्याने विचारणाऱ्याचे दात पाडले असते.

ने त्याला.

जनू


कांडला
१९ मे १९९६

सगुणाबाय,

पाच पानं शिव्या. ठीक हाय. मीच बोललो होतो घाल.

तू एप्रिलमध्ये त्याला नेलंस, तीन खेपांत सगळे दात काढून घेतलेस, दर खेपेला भावोजींनी डोकं धरलं. हिरड्या भरायला लागल्या. आंबील, गुरगुट्या भात, माशाचं नुसतं कालवण, अंडं कुस्करून, हे सगळं तू त्याच्या पोटात घातलंस. अंगावर मांस चढलं. मग तो दिवस मोजायला लागला, आज कुठला वार ते विचारायला लागला. मे लागला तेव्हा भरती कधी हाय ते त्याने बरोबर सांगितलं, रोह्यात बसून. तू ते मला आनंदाने लिहिलं होतंस आणि मला तेव्हाच भीती वाटली होती.

आणि परवा भावोजी कंपनीतून आले, पाय धुतले, भात कालवून ताट घेऊन त्याच्यापुढे बसले, आणि त्याने वर बघितलं.

"कोण रं तू?"

भावोजी सवयीने बोलले, "गोविंदा."

"गोविंदा मेला. तू तो वालपापडीवाला." आणि पितळेचा तांब्या उचलून कपाळावर घातला. सहा टाके. मग तुझ्याकडं बघून बोलला, "ही मेलेली इथं काय करते?" बनियनवरच उठला, स्टेशनवर गेला, पेणच्या गाडीत बसला. स्टेशनचा रस्ता कोणाला विचारला नाय. तिकीट काढलं नाय, ते तो पूर्वीपण काढत नव्हता.

दादा फोनवर बोलला. बापूस सरळ घरी आला, खांबावरची दोरी कोयत्याने तोडली आणि दादाच्या कानाखाली दिली. दादा सांगताना रडत होता आणि हसत होता. वहिनीची माफी मागितली नाय, पण तिच्या हाताची खूण बघून बोलला, "मी?" ती बोलली, "व्हय." त्याने मान खाली घातली. रोह्याचं त्याला काय आठवत नाय असं सांगतो. ताप होता, एवढंच बोलतो. कोणाकडं होतो, काय खाल्लं, काय नाय आठवत. अधूनमधून अजून नावं चुकतो, ते राहील बहुतेक. बाकी पुंडलिक जसाच्या तसा.

तू लिहिलंस, "तूच सांगितलंस म्हणून मी माझा बाप दुसऱ्यांदा मारला." मीच सांगितलं.

सोमवारच्या सह्या जूनअखेर संपतात. मग येतो.

जनू


पेण
२१ ऑगस्ट १९९६

सगुणाबाय,

रोहा इथून एवढं जवळ असून पत्र लिहितोय, कारण तू दार उघडलं नायस. तीन वेळा आलो, बापसाला घेऊन. तिसऱ्यांदा खिडकीतून बोललीस, "तू ये, एकटा. तो गल्लीत उभा हाय तोवर नाय." चूक नाय तुझी. पण त्यामुळं परवा मॅडमच्या दवाखान्यात काय झालं ते तुला ठाऊक नाय, आणि भावोजी तुला सांगणार नायत. म्हणून मी सांगतो.

मी घरी आलो तेव्हा बापसाने मला आधी एक ठेवून दिली. मग बोलला, "जेवलास?" त्याचं बोळकं तोंड मला बघवेना. चारचौघांत तोंडावर हात धरून बोलतो. गावात जातच नाय. मिठागरावर एकटा जातो, एकटा येतो. दादा बोलला, हा लाजेने मरेल आता, रोगाने नाय.

मी बोललो, रोह्याला मॅडमकडं कवळी करून घेऊ. तो बोलला, रोह्याचं नाव काढलंस तर तंगडी तोडीन. पंधरा दिवस तेच. मग एकदा वहिनीने कोलंबीचं कालवण केलं, सगळे खात होते, आणि त्याने एक कोलंबी तोंडात घेतली, घोळवत बसला, घोळवत बसला, शेवटी हातात काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे तयार होऊन अंगणात उभा.

मापं घ्यायला दोनदा नेला. दोन्ही वेळा भावोजी दवाखान्याच्या बाहेर रस्त्यापलीकडं उभे होते, शिफ्टवरून आलेले, डब्याची पिशवी हातात. कोणी बोलावलं नव्हतं. आत आले नायत. बापसाने बघितलं, बघितलं नाय असं केलं.

परवा कवळी बसवायची होती. बापूस खुर्चीत बसला आणि तोंड मिटून घेतलं. मॅडम बोलल्या, उघडा. तो बोलला, "बाई, हात लांब ठेव, चावेन."

"कशाने चावणार, आजोबा?"

मी तोंड फिरवलं. बापूस आयुष्यात पहिल्यांदा बोलण्यात हरला. उघडलं तोंड. पण त्यांचं बोट आत गेलं की हात उडायचा. एकदा ट्रे उडाला. एकदा माझ्या बरगडीत कोपर बसलं. मी मागून डोकं धरायला गेलो, तर तुला ठाऊक हाय मला, मी धरतो म्हणजे आवळतो. तो उठून माझ्या गळ्याला आला. तिथंच आम्ही बापलेक झोंबलो, बाईच्या दवाखान्यात, खुर्ची आडवी. मॅडम ओरडल्या, "पोलीस बोलवीन!" मला आधीच पोलिसांचा कंटाळा.

आणि दारातून भावोजी आत आले. पिशवी खाली ठेवली. कपाळावर टाक्यांचा वण. खुर्ची उभी केली. बापसाला खांद्याला धरून बसवलं, मागं गेले आणि दोन्ही तळहात त्याच्या कानांवरून असे ठेवले, नुसते ठेवले. मला वाटलं आता हा फिरून मारणार, आणि या वेळी डोळा जाणार.

तो हलला नाय. मॅडमनी वरची बसवली, खालची बसवली, घासली, परत बसवली. बापूस छताकडं बघत होता. दगडासारखा.

झालं तेव्हा मॅडमनी आरसा दिला. त्याने दात बघितले, आरशातच मागचा चेहरा बघितला. मग नव्या दातांनी अडखळत बोलला, "तुजे मी किती पाडले होते रं?"

"चार," भावोजी बोलले.

"आणि माजे?"

"सगळे."

"चाराला सगळे? हा कुठला न्याय?"

भावोजी घाबरले असतील, बोलले, "मी कुठं काढले? मॅडमनी काढले."

"डोकं कोणी धरलं होतं?"

मॅडमच्या हातातलं ते बारीक हत्यार हातातच राहिलं. मी भावोजींकडं बघितलं, ते माझ्याकडं. काय नाय आठवत बोलणारा माणूस. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला आठवतं?" तर माझ्याकडं असा बघितला की मी परत विचारणार नाय, जन्मात.

खुर्चीतून उतरला. धोतर झटकलं. भावोजींच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला, तोंडाला तोंड लागेल एवढा, आणि बोलला, "लई जास्त घेतलंस. आता तुज्याकडं माजं देणं निघतंय. मी सोडणारा माणूस नाय. घरी येऊन वसूल करीन."

"या," भावोजी बोलले.

पेणची गाडी धरली. बापूस मधेच खालचे दात वरच्यांवर आपटून बघायचा. नागोठण्याला एका बाईकडून चणे घेतले, एकच चणा तोंडात टाकला आणि चावला. फुटला. तिचं लक्ष हाय का ते बघितलं.

उतरताना मला विचारलं, "ती रविवारी घरी असते काय?"

मी बोललो, असते.

"मग रविवारी जाऊ. भांडायला."

या रविवारी सकाळच्या गाडीने आणतोय. त्याने नवीन धोतर काढून ठेवलंय आणि दादाला बोललाय, कोलंबी चांगली बघून दे, मोकळ्या हाताने भांडायला जात नायत.

येईल. तोंडाला येईल ते बोलेल, मडक्याचं पण काढेल. तू उलट बोलू नको. दार उघड आणि वाढ फक्त.

जनू